मक्याची पोळी आणि जोंधळ्याची भाकरी

उदगीरहून भालकीकडे जाताना राज्याची हद्द कोठे ओलांडली, हे रस्त्यावरची पाटी वाचल्याखेरीज प्रवाशाच्या ध्यानात येत नाही. जमीन तीच काळीभोर, ज्वारीच्या रानातून गेलेली तुरीची तासे तीच, आणि दुपारच्या वेळी बांधावर सुटणाऱ्या फडक्यातली भाकरीही तीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे पडले. अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके मराठी मुलखात आले, जहिराबाद व नारायणखेड तेलुगू मुलखाकडे गेले, आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. कागदावरच्या या रेघांना भाकरीने मात्र कधी जुमानले नाही. भालकीच्या किंवा आळंदच्या मराठी घरात तिला भाकरी म्हणतात, शेजारच्या कानडी घरात रोट्टी म्हणतात. थापणाऱ्या हाताचा आवाज दोन्ही घरांतून सारखाच येतो.

या मुलखाचे मुख्य अन्न कोणते, हे येथील भाषाच सांगते. कानडीत ज्वारीला जोळ म्हणतात. मका आला तेव्हा त्याला वेगळे नाव देण्याची गरज लोकांना वाटली नाही. त्याला गोविनजोळ किंवा मेक्केजोळ म्हणून ते मोकळे झाले. तेलुगूतही तेच घडले. ज्वारी म्हणजे जोन्न, आणि मका म्हणजे मोक्कजोन्न. नव्या पाहुण्याची ओळख जुन्या घरधन्याच्या नावाने करून द्यावी, तसा हा प्रकार आहे. युरोपातही लोकांनी याहून निराळे केले नाही. इटलीच्या शेतकऱ्याने मक्याला ‘तुर्की धान्य’ म्हटले, कारण परक्या मुलखातून येणारी वस्तू तुर्कांकडूनच येणार अशी त्याची समजूत होती.

वस्तुतः घरधनी आणि पाहुणा हे दोघेही परमुलखातलेच. ज्वारीचे मूळ आफ्रिकेत, सुदानच्या पूर्व भागात आहे. तेथे पाच हजार वर्षांपूर्वी माणसाने तिची लागवड केल्याच्या खुणा मडक्यांच्या तुकड्यांवर उमटलेल्या दाण्यांच्या ठशांवरून सापडल्या आहेत. तेथून ती भारतात येऊन सुमारे चार हजार वर्षे झाली असावीत. मक्याचे माहेर मेक्सिकोत, बाल्सास नदीच्या खोऱ्यात. तेथील तेओसिंते नावाच्या रानगवतापासून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसाने तो घडवला. या गवताच्या कणसाला जेमतेम पाच-दहा कठीण दाणे असतात. त्यापासून आजचे भरगच्च कणीस निघाले, हे शेतीच्या इतिहासातले एक मोठेच आश्चर्य म्हटले पाहिजे. कोलंबसाच्या पहिल्या सफरीत, १४९२ साली, क्युबा बेटावर युरोपीयांना मक्याचे पहिले दर्शन घडले, आणि पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरला.

म्हैसूरजवळच्या सोमनाथपूरच्या केशवमंदिरात, जे तेराव्या शतकातले आहे, काही मूर्तींच्या हातात दाणेदार कणसासारखी वस्तू दिसते. ती मक्याचीच असून कोलंबसाच्या आधी मका कर्नाटकात पोहोचला होता, असा दावा १९८९ साली दोघा अमेरिकन अभ्यासकांनी केला. हा दावा ऐकायला मोठा गोड आहे, परंतु बहुतेक जाणकारांनी तो मानलेला नाही. ती वस्तू मोत्यांनी मढवलेले ‘मुक्ताफल’ हे कल्पित फळ असावे, असे भारतीय कृषिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. शिवाय ज्या देशात एखादे धान्य खरोखर पिकत असते, तेथे त्याची खूण केवळ देवळाच्या भिंतीवर राहत नाही. ती चुलीत, उकिरड्यात आणि म्हणींतही उतरते.

एखादे धान्य एखाद्या प्रदेशाचे मुख्य अन्न बनते ते केवळ रुचीमुळे नव्हे. ते त्या मातीत व त्या पावसात पिकले पाहिजे. ते वाईट वर्षासाठी साठवून ठेवता आले पाहिजे. आणि तेच ते अन्न सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षे खाऊनही माणूस धडधाकट राहिला पाहिजे. पहिल्या दोन कसोट्या शेतकऱ्याला चटकन उमगतात. तिसरी मात्र अशी आहे, की तिच्यात धान्य नापास झाले तरी ते कित्येक वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तोवर हजारो माणसे आजारी पडलेली असतात.

पहिल्या दोन कसोट्यांत ज्वारीने या मुलखात आपले नाणे खणखणीत वाजवून दाखवले. रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, भाद्रपद-आश्विनात पेरतात. तोवर पाऊस आपले काम उरकून निघालेला असतो. पुढचे चार-साडेचार महिने हे पीक काळ्या मातीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या दवावर उभे राहते. मक्याला हे साधत नाही. तुरा आणि रेशीम बाहेर पडण्याच्या सुमारास पाणी तुटले, तर मक्याचे कणीस बोळके राहते. उलट पावसाळ्यात काळ्या रानात पाणी तुंबले, तरी त्याची मुळे गुदमरतात. ज्वारीपासून जनावरांना कडबा मिळतो, हाही लाभ लहान नव्हे. १९३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात ‘मालदांडी’ या देशी शाळूतून निवडून काढलेले ३५-१ हे वाण आजही या पट्ट्यात भाकरीसाठी पहिल्या पसंतीचे मानले जाते. वाणे येतात आणि जातात. जवळजवळ नव्वद वर्षे टिकून राहिलेली अशी उदाहरणे थोडी.

साठवणीची कसोटी पेवात होत असे. पेव म्हणजे जमिनीत खणलेले खोल कोठार. त्याला आतून कडब्याचा अगर काडाचा थर देऊन ज्वारी भरीत आणि तोंड मातीने लिंपून टाकीत. आतला प्राणवायू दाणे आणि किडे मिळून संपवून टाकतात, किडे मरतात आणि दाणा राहतो. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूस गुदमरून मरण्याचा धोका असे. आज कोणत्याही गोष्टीचे ‘पेव फुटले’ असे आपण सहज म्हणतो. त्या शब्दामागे एका दुष्काळी मुलखाची साठवणीची रीत उभी आहे.

बिदरचे नाव या साठवणीशी एका कथेने कायमचे जोडलेले आहे. पंधराव्या शतकात बिदरच्या बहामनी सुलतानाचा मंगळवेढ्याचा कारभारी दामाजीपंत याने दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली, त्याला पकडून बिदरला नेण्यात आले, आणि विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत दरबारात भरली, असे परंपरा सांगते. कथेतला चमत्कार भाविकांचा. पण तिच्यातली कोठारे, दुष्काळ आणि मंगळवेढ्याची ज्वारी या गोष्टी मातीतल्या आहेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

तिसऱ्या कसोटीसाठी मात्र मक्याच्या माहेरी जाऊन यावे लागते. मेक्सिकोतील लोक मक्याची जी पातळ पोळी खातात, तिला स्पॅनिश लोकांनी ‘टॉर्टिया’ हे नाव दिले. तेथील मूळच्या नाहुआ लोकांचा शब्द ‘त्लाश्काली’ असा आहे. ही पोळी मक्याच्या कोरड्या पिठाची करीत नाहीत. कोरडे दाणे प्रथम चुन्याच्या पाण्यात शिजवतात. चुना फार थोडा, पाण्याच्या शेकडा एक भागाच्या आसपास असतो. शिजलेले दाणे त्याच पाण्यात रात्रभर मुरू देतात, सकाळी चोळून धुतात, आणि मग ओलेच वाटून त्यांचा गोळा करतात. जेथे चुना मिळत नसे तेथे लाकडाची राख वापरीत. या प्रक्रियेचे नाहुआ नाव ‘निश्तमल’ असून त्यात राखेचा शब्द दडलेला आहे. ही युक्ती इसवी सनापूर्वी १५०० ते १२०० च्या सुमारास मध्य अमेरिकेत माहीत होती, असा पुरावा मिळतो. वाटण्याचे काम पाट्यासारख्या उतरत्या दगडावर गुडघे टेकून करावे लागे, आणि घरातील स्त्रीचे दिवसाचे कित्येक तास त्यात जात.

चुन्याने दोन कामे होतात. एक डोळ्यांना दिसते, दुसरे दिसत नाही. दिसणारे काम असे, की दाण्यावरचे चिवट साल सैल होऊन सुटते, आणि वाटलेल्या पिठाला चिकटपणा येतो. हा चिकटपणा किती मोलाचा आहे, हे भाकरी करणाऱ्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागू नये. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले म्हणजे त्यातील प्रथिनांची लवचीक जाळी तयार होते, म्हणून पोळी लाटता येते. मक्यात किंवा ज्वारीत तशी जाळी तयार होत नाही. मेक्सिकोच्या स्त्रीने ही अडचण चुन्याने दूर केली. दख्खनच्या स्त्रीने ती उकळत्या पाण्याने दूर केली. पिठात आधणाचे पाणी घातले म्हणजे त्यातील पिष्ठाचा काही भाग शिजून चिकट होतो, आणि मग तळहाताच्या टाचेने रगडून मळलेला गोळा काठवटीत थापला तरी कडा चिरत नाहीत. पीठ जुने झाले म्हणजे त्याची ‘विरी’ जाते आणि भाकरी थापता थापता मोडते. हे ज्ञान पुस्तकात शोधू गेल्यास सहसा सापडणार नाही. तव्यावर टाकलेल्या भाकरीच्या वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतात, उलटतात, मग निखाऱ्यावर शेकली की ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. मेक्सिकोतील टॉर्टियाही मातीच्या तव्यावर अशीच उलटते आणि अशीच फुगते. एकमेकींचे नावही न ऐकलेल्या दोन देशांतील स्त्रियांनी चिकटपणा नसलेल्या दोन धान्यांना दोन वाटांनी एकाच आकारात आणले.

चुन्याचे न दिसणारे काम याहून थोर आहे. मक्यात ‘नायसिन’ नावाचे जीवनसत्त्व असते, पण ते अशा रीतीने बांधलेले असते की माणसाच्या आतड्यांना ते सोडवून घेता येत नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवल्याने ते मोकळे होते. शिवाय चुन्यातला कॅल्शियम अन्नात उतरतो, तो वेगळाच.

स्पॅनिश लोकांनी अमेरिकेतून मक्याचे बी उचलले. चुन्याची रीत तेथेच ठेवली. युरोपात पीठ दळायला पवनचक्क्या आणि पाणचक्क्या होत्या, त्यामुळे दाणे शिजवून साल काढण्याचा खटाटोप त्यांना अडाणीपणाचा वाटला असल्यास नवल नाही. विजेत्याने जिताच्या स्वयंपाकघराकडे शिकण्यासाठी पाहावे, अशी त्या काळाची रीत नव्हती. मका भरघोस पिके, स्वस्त पडे, आणि गव्हावर जमीनदाराचा डोळा असल्याने गरिबाच्या वाट्याला तोच येई. उत्तर इटलीत मक्याच्या पिठाची घट्ट पेज हेच शेतमजुराचे तिन्ही त्रिकाळचे अन्न होऊन बसले.

मग एक नवा रोग दिसू लागला. १७३५ साली स्पेनमधील आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल नावाच्या वैद्याने त्याचे प्रथम वर्णन केले. उन्हाला उघड्या राहणाऱ्या हातापायांची आणि मानेची कातडी लाल होऊन मग काळवंडते, खरखरीत होते, सोलते. पुढे अतिसार लागतो. शेवटी बुद्धी भ्रमिष्ट होते आणि माणूस दगावतो. मानेभोवती उमटणाऱ्या पट्ट्याला वैद्यकात आजही ‘कासालचा गळपट्टा’ म्हणतात. १७७१ साली इटलीतील फ्रापोली याने लोकांच्या बोलीतला ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, हा शब्द ग्रंथात आणला. रोगी बहुधा मका खाणारे गरीब असतात, हे कासालच्याही ध्यानात आले होते. तरीसुद्धा पुढे दीडशे वर्षे पंडित मंडळी सडक्या मक्यातील विषावर आणि अदृश्य जंतूंवर वाद घालीत राहिली. ज्या मेक्सिकोत लोक युरोपापेक्षा कितीतरी अधिक मका खात होते, तेथे हा रोग का नाही, हा साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा रोग अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत पसरला. १९०६ ते १९४० या काळात तेथे सुमारे तीस लाख लोकांना तो जडला आणि एक लाखावर माणसे दगावली, असा अंदाज आहे. १९१४ साली त्या सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांस तपासासाठी पाठवले. वेड्यांच्या इस्पितळात आणि अनाथाश्रमांत हिंडताना त्यांना एक गोष्ट खटकली. रोग होतो तो रुग्णांना आणि मुलांना. त्यांच्यातच वावरणाऱ्या परिचारिकांना आणि नोकरांना तो होत नाही. संसर्ग असा हुद्दा पाहून होत नसतो. वेगळे होते ते ताट. १९१५ साली मिसिसिपीतील एका तुरुंगाच्या शेतावर माफीच्या आश्वासनावर स्वेच्छेने पुढे आलेल्या अकरा निरोगी कैद्यांना त्यांनी मुख्यतः मका व इतर पिठूळ पदार्थांचे अन्न दिले, आणि काही महिन्यांत त्यांपैकी सहा जणांच्या अंगावर पेलाग्राची लक्षणे उमटली. एवढ्यानेही टीकाकारांचे समाधान होईना, तेव्हा गोल्डबर्गर यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. ते आजारी पडले नाहीत. १९२९ साली ते वारले. ज्या द्रव्याचा ते शोध घेत होते ते नायसिनच असल्याचे १९३७ मध्ये कॉन्राड एल्वेहिएम यांनी दाखवले. कुत्र्यांना होणारा ‘काळी जीभ’ हा तसाच रोग त्याने बरा झाला. पुढे १९४५ च्या सुमारास आणखी एक धागा हाती आला. दूध, अंडी, डाळी यांच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचे जे अम्ल असते, त्यापासून शरीर स्वतःच नायसिन तयार करते. पंजाबात चुन्यावाचूनच मक्याची रोटी खातात. परंतु तिच्याबरोबर जेथे सरसोंचा साग आणि ताकाचा गडवा असतो, तेथे धान्यातली उणीव ताटातच भरून निघते.

येथवरची कहाणी परदेशची आहे. पण कोइमतूरजवळच्या कुन्नूर येथे १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी सुरू केलेली पोषणसंशोधनाची प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादेस हलवण्यात आली, आणि तेथील डॉक्टरांना पेलाग्राचे रोगी आपल्या दारातच आढळले. हे रोगी तेलंगणातील गरीब शेतकरी व मजूर होते. आणि ते मका खात नव्हते, ज्वारी खात होते.

हे कोडे अवघड होते. ज्वारीतले नायसिन मक्यातल्यासारखे घट्ट बांधलेले नसते, आणि तिच्यात ट्रिप्टोफॅनही तांदळाच्या मानाने फारसे कमी नाही. मग भात खाणाऱ्याला जे होत नाही ते ज्वारी खाणाऱ्याला का व्हावे? डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचे उत्तर सुचवले. मका आणि ज्वारी या दोहोंच्या प्रथिनांत ल्यूसिन नावाचे अम्ल प्रमाणाबाहेर असते, आणि त्याच्या आधिक्यामुळे शरीरात ट्रिप्टोफॅनपासून नायसिन होण्याच्या व ते वापरले जाण्याच्या कामात बिघाड होतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९६५ मध्ये त्याच संस्थेत कुत्र्यांना ज्वारीचे अन्न देऊन ‘काळी जीभ’ रोग निर्माण करून दाखवण्यात आला. ही संस्था १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते.

हा सिद्धान्त पुढे सर्वमान्य झाला नाही. अन्यत्र केलेल्या काही प्रयोगांत ल्यूसिनचा असा परिणाम दिसून आला नाही, आणि इतर जीवनसत्त्वांची उणीवही त्यात गुंतलेली असल्याचे पुढे आले. परंतु एका गोष्टीविषयी दुमत नव्हते. पेलाग्रा ज्वारी खाणाऱ्या प्रत्येकाला होत नव्हता. ज्याच्या ताटात ज्वारीवाचून दुसरे जवळजवळ काहीच नव्हते, त्याला होत होता. बिदर-कलबुर्गीचा पट्टा तेलंगणाला लागून आहे, माती आणि पीक सारखे आहे. येथे भाकरीसोबत खाण्यासारखे काय होते, हे पाहू गेल्यास हा भेद फार चांगला कळतो.

ज्वारीच्या तासांमध्ये तूर लावण्याची रीत या भागात जुनी आहे, आणि कलबुर्गीची तूरडाळ तर आज देशभर नावाजलेली आहे. २०१९ मध्ये तिलाही भौगोलिक मानांकन लाभले. कानडी घरातील ‘पुंडीपल्ले’ आणि मराठी घरातील अंबाडीची भाजी ही एकच. तिच्यात ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालतात. शेंगदाण्याची चटणी तर रोजचीच, आणि शेंगदाणा नायसिनने समृद्ध आहे. ताकात ज्वारीचे पीठ आंबवून केलेली आंबील उन्हाळ्यात घरोघर असते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, जिला लातूर-धाराशिवकडे येळवस आणि कानडीत एळ्ळ अमावास्या म्हणतात, उभ्या शाळूच्या रानात सारे कुटुंब जेवायला जाते. त्या दिवशीच्या भज्जीत ओली तूर, पावटा, वाटाणा, हरभरा, मेथी, पातीचा कांदा, शेंगदाणे असे रानात जे जे मिळेल ते सारे बेसनात शिजते. सोबत भाकरी, उंडे, तिळाची पोळी आणि आंबिलीचे मडके. पोषणशास्त्रज्ञाने तागडी घेऊन बसून आखलेला आहारही याहून फारसा सरस ठरणार नाही.

पण येळवस वर्षातून एकदा येते. भूमिहीन मजुराच्या घरी तूर विकायला जाई, दूध विकायला जाई, आणि चुलीपाशी उरे ती भाकरी, मीठ आणि मिरची. कोरडी भाकर हा शब्द मराठीत दारिद्र्याला पर्याय म्हणून वापरला जातो तो उगीच नव्हे. मक्याच्या बाबतीत रीत वाटेत सांडली होती. ज्वारीच्या बाबतीत रीत घरात होती, फक्त ती पाळण्याची ऐपत नव्हती.

यानंतर ताटातले धान्यच पालटू लागले. १९६०च्या दशकात आणि पुन्हा १९७२च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली तांबूस ‘मिलो’ शिधावाटपाच्या दुकानांत मिळू लागली. ही मिलो म्हणजे ज्वारीच होय. आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेली ही बहीण परत आली, पण तिला लोकांनी ओळख दिली नाही. तिच्या भाकरीची आठवण आजही जुनी माणसे तोंड वाकडे करूनच काढतात. १९६१ मध्ये देशात मक्याचे पहिले संकरित वाण आले, त्यांतल्या एकाचे नावच ‘दख्खन’ होते. १९६४ मध्ये ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. उत्पन्न वाढले, हे नाकारता येणार नाही. मात्र खरिपाच्या त्या ज्वारीची भाकरी शाळूच्या भाकरीपुढे लोकांना रुचेना, आणि ‘हायब्रीड’ हा शब्द मराठीत बेचव, बेगडी या अर्थी रूढ झाला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेशात दोन रुपये किलोने तांदूळ देण्यात आला, २०१३ मध्ये कर्नाटकात ‘अन्नभाग्य’ योजना सुरू झाली. भात आणि गहू गरिबाच्या घरात शिरले. ज्वारीवरच निर्वाह करणारी कुटुंबे कमी होत गेली, आणि तिच्याबरोबर येणारा पेलाग्राही मागे हटला.

बिदरच्या खरिपाच्या रानात आज सोयाबीन दिसते. कर्नाटक मका पिकवणाऱ्या प्रमुख राज्यांपैकी एक झाले आहे, पण हा मका पोळीसाठी नाही. तो कोंबड्यांच्या खाद्याला, पिष्ठाच्या कारखान्यांना आणि अलीकडे इंधनासाठी मद्यार्क काढायला जातो. भाजलेले कणीस आणि उकडलेले दाणे सोडल्यास चारशे वर्षांत मका येथील चुलीवर फारसा चढलाच नाही. गंमत अशी, की चुन्याला येथे तोटा कधीच नव्हता. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद, वाडी, सेडम हा सारा पट्टा चुनखडीचा आहे. मराठी घरांतल्या स्वयंपाकघरात पिढ्यान् पिढ्या घातलेली शहाबादी फरशी याच दगडाची, आणि त्याच चुनखडीवर सिमेंटचे कारखाने उभे आहेत. विड्याच्या पानाला चुना लागला, भिंतीला लागला; मक्याला लागला नाही.

ज्वारीचे दिवस मात्र वेगळ्या वाटेने फिरले आहेत. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि एके काळी गरिबाची म्हणून गणलेली भाकरी शहरातल्या मधुमेही माणसाला वैद्य सुचवू लागले. चांगल्या शाळूचा भाव आता पुष्कळदा गव्हाच्या वर असतो. पिकवणाऱ्याला ही बातमी चांगली, विकत घेऊन खाणाऱ्या मजुराला नव्हे. सोलापूरच्या बाजारात कडक भाकरी चळतींनी विकली जाते. कलबुर्गीत महिलांच्या बचतगटांनी ‘कलबुर्गी रोट्टी’ या नावाने हाच व्यवसाय मांडला आहे. पापडासारखी वाळवलेली ही भाकरी महिनोन् महिने टिकते, पुण्या-मुंबईला आणि बेंगळूरला जाते, आणि बहुतेक गिऱ्हाईक तिच्याबरोबर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी मागून घेते.